मिस्सेच्या वेळची आग

१

आमची शेड पेटली तेव्हा पाचूबंदरचे आम्ही झाडून सगळे देवळात होतो. रविवारची सकाळची मिस्सा. फादर तरुण आहेत, त्यांना बोलायची हौस, त्यामुळे प्रवचन लांबलेलं. मी कम्युनियन, म्हणजे प्रभूचा प्रसाद, घेऊन जागेवर परत येत होते तर माझा धाकटा, ब्रायन, मागे दाराजवळ खांबाला टेकून उभा दिसला. रांगेत आलाच नाही. मी मनात म्हटलं, घरून पाव खाऊन निघाला असेल, हावरट. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झाला, तरी देवासाठी तासभर पोट कोरडं ठेवता येत नाही.

तेवढ्यात बाहेरून ओरडा आला, "शेड पेटली! बायांनो, शेड पेटली!"

ही शेड म्हणजे वनदीप पेंट्स कंपनीनं आम्हा कोळणींना दिलेलं दान. कंपनीचा कारखाना वसई पूर्वेला. सरकार त्यांना सांगतं, कमावता तर थोडं गरिबांसाठी करा. त्याला ते सामाजिक जबाबदारी म्हणतात. आमच्या वाट्याला आलेली जबाबदारी अशी, की उघड्यावर बोंबील सुकवायचे नाहीत. कावळे नेतात, कुत्री नेतात, अवकाळी पाऊस नासवतो. त्यापेक्षा शेडमध्ये उन्हावर चालणारी मोठाली यंत्रं येणार आणि त्यात मासळी सुकणार. यंत्रांचे खोके येऊनही पडले होते. पण उघडायचे नाहीत. मंगळवारी उद्घाटन, कंपनीचा रंग विकत घेणारे परदेशी पाहुणे येणार, त्यांच्या हातानं उघडायचे.

आम्ही धावत पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं. जुन्या नायलॉनच्या जाळ्यांचा काळा धूर आणि तडतडणारे पत्रे. बंब येईपर्यंत खांब तेवढे उरले.

आणि तेव्हाच आमच्यातली बेला किंचाळली, "आग्नेसबाय, इकडं बघा!"

शेडच्या आत आम्ही बायांनी मरियामातेची मूर्ती बसवली होती. ती मूर्ती शेडपासून लांब, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत उभी होती. एक डाग नाही, काजळी नाही. बाया गुडघ्यावर बसल्या. "चमत्कार! माऊली बाहेर आली!" कंपनीचा देवेंद्र साहेब तोवर गाडीतून उतरला होता. त्यानं लगेच फोटो काढायला लावले.

माझी जीभ कधी गप्प बसलेली नाही. मी म्हटलं, "माऊलीला पाय फुटले का? कुणीतरी आग लावायच्या आधी तिला उचलून बाहेर ठेवलंय. गुडघे झाडा आणि उठा."

फौजदार माझ्या मागेच उभा होता. त्यानं मान डोलावली.

त्याच वेळी खाडीच्या बाजूनं माझी सून, थोरल्याची बायको ज्युलिएट आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवीत पाण्याच्या बाटल्या. ती मिस्सेला आली नव्हती. शुक्रवारच्या सभेत तिनंच देवेंद्रला तोंडावर सांगितलं होतं, "आधी खाडीत रंगाचं पानी सोडायचं बंद करा. नाय तर तुमची शेड मीच पेटवीन."

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, बरोबर बोललात. मूर्ती चालत आली नाही. म्हणजे आग लावणारा शेडची चावी असलेला आणि मरियामातेला मानणारा. चावी कुणाकडे? तुमच्या सुनेकडे. आग लागली तेव्हा देवळात कोण नव्हतं? तुमची सून."

माझ्याच जिभेनं माझ्या सुनेला गाडीत बसवलं.

२

थोरला ऑस्टिन मालवाहू बोटीवर असतो, कुठल्या समुद्रात ते देव जाणे. त्याची बायको माझ्या ताब्यात देऊन गेलाय. ती चौकीत आणि मी घरात, असं माझ्याच्यानं होणार नव्हतं. दुपारी भात आणि कोलंबीचं कालवण घेऊन गेले.

ज्युलिएट बाकावर बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगटापर्यंत सुजून पपईसारखा झालेला. शनिवारी मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा घुसला होता. शिंगाळ्याचा काटा काय असतो ते कोळणीला विचारा, चार दिवस बोट वळत नाही.

"आय, मी नाय केलं," ती म्हणाली.

"मी विचारलं का? जेव."

ती डाव्या हातानं खाऊ लागली. भात सांडत होता. मी घास करून भरवले. शिपाई बघत होता, मी त्याला म्हटलं, "काय बघतोस? तुझ्या आईनं भरवलं नाय कधी?"

"खाडीवर कशाला गेली होतीस, देवाचा वार सोडून?"

"रविवारी कारखाना बंद असतो, असं ते लिहून देतात. पण पानी रविवारीच सोडतात, सगळे देवळात असताना. मी ते भरून आणलं. मंगळवारी परदेशी लोकांना दाखवणार होते. सकाळपासून खाडीतच होते, आय. पण तिथं मला बघायला खेकड्यांशिवाय कोन होतं?"

बाहेर आले तर देवेंद्र साहेब उभा. परीटघडीचा सदरा, हातात दोन मोबाईल, चेहऱ्यावर मयताच्या घरी आल्यासारखं दुःख.

"आई, मला फार वाईट वाटतंय."

"मी तुझी आई नाय. तुझी आई असते तर तू असा नसतास. काम बोल."

तो तरी हसला. असली माणसं शिवी खाऊनही हसतात, पगार त्याचाच मिळतो. म्हणाला, मंगळवारचा समारंभ रद्द करणार नाही. पाहुणे येतीलच. जळलेल्या शेडसमोर मांडव घालू. कंपनी बायांना ताडपत्र्या देईल, नव्या शेडचा शब्द देईल. फक्त ज्युलिएटनं तिथं माफी मागायची आणि खाडीच्या पाण्याची तक्रार मागे घेतो म्हणून सही करायची. तसं झालं की कंपनी आगीची केस पुढे रेटणार नाही.

"आणि सही नाय केली तर?"

"तर जाळपोळ, आई. वर्षानुवर्षं आत. ऑस्टिन घरी येईल तेव्हा बायको तुरुंगात."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्याची शेड सकाळी जळाली, त्याचा माफीचा कागद दुपारी तयार होता. आमच्याकडे माणूस मेलं तरी शवपेटी यायला याहून जास्त वेळ लागतो.

"मंगळवारी माइक मला देशील?" मी विचारलं. "घरातली वडील मी. माफी मीच मागीन. सगळ्यांसमोर. फौजदारालाही बोलाव, ज्युलिएटलाही आण."

"वा! नक्की, नक्की." त्याला वाटलं, म्हातारी वाकली.

मी क्रुसासमोरून घरी आले. तिथं थांबून मोठ्यानं बोलले, म्हणजे बंदरावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ज्यानं हे केलं त्याला मी मंगळवारी उघडा पाडीन. मग तो कुणाच्या का पोटचा असेना."

बोलताना माणसाला कळत नाही आपण काय बोलतोय.

३

सोमवारी पहिला धरला तो पांडू. शेडचा रखवालदार, मूळचा अर्नाळ्याचा. त्याच्या खाटेपासून शेडचं दार पावलावर.

"पांडू, आग लागली तेव्हा कुठं मेला होतास?"

"निर्मळ गावात गेलतो, बाय. फुलं आनायला. सायकलवरनं. झेंडू नि तोरनाची पानं. परत आलो तर सगळा धूर."

"खरं?"

"माळीनबायला विचारा. तिच्याकडं च्या पन घेतला. ती फुलं हायेत अजून, बघा."

टोपलीत झेंडू होता. माना टाकलेला, काळा पडायला लागलेला. मी एक फूल उचललं, पाकळ्या हातात आल्या.

"पांडू, समारंभ कधी?"

"मंगळवारी."

"मग मंगळवारची फुलं रविवारी कोण आणतं? लग्न असलं तरी आदल्या संध्याकाळी आणतात."

पांडू डोकं खाजवत राहिला. "मना काय ठावं, बाय. इशिताताईंचा फोन आला. आत्ताच्या आत्ता जा म्हनाल्या."

इशिता म्हणजे कंपनीनं नेमलेली संस्थेची पोरगी. शेडचं काम तीच बघायची. तिसरी चावी तिच्याकडे. बायांतर्फे ज्युलिएटकडे एक, सोसायटीतर्फे ब्रायनकडे एक आणि हिच्याकडे एक. पोरगी पुण्याकडची, शिकलेली, खांद्याला झोळी. बायांशी गोड बोलते, पण मासळीचा वास आला की श्वास रोखते, ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

ती जळलेल्या शेडसमोर मांडवाची मापं घ्यायला आली होती. डोळे रडून सुजलेले.

"पांडूला रविवारी फुलांना तू पाठवलंस?"

"हो आजी."

"का?"

"देवेंद्र सरांचा मेसेज होता. सकाळी सकाळी. वॉचमनला लगेच फुलं आणायला पाठव, असा. मला पण विचित्र वाटलं. पण सरांना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत."

"काय काय विचारलंस आजवर?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "खोके उघडून मशीन एकदा चालवून बघूया म्हटलं होतं. पाहुण्यांसमोर बंद पडली तर नाचक्की होईल म्हणून. सर एवढे चिडले, एवढे चिडले... मी परत विषय काढला नाही."

"रविवारी तू कुठं होतीस?"

"ठाण्याला. मावशीकडे. चावी माझ्या पर्समध्येच होती." तिनं काढून दाखवली.

मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "मूर्ती तू उचललीस?"

"कुठली मूर्ती? ती तर चमत्कारानं..." ती अडखळली. "आजी, खरं सांगू? आत मूर्ती होती हेच मला काल कळलं."

हे मात्र खरं वाटलं. शेडमध्ये महिनाभर येऊन जाऊन पोरीनं खोके पाहिले, पत्रे पाहिले, आमची माऊली पाहिली नाही. अशी पोरगी आग लावती तर मूर्तीसकट लावती.

मग पांडू निर्मळला, इशिता ठाण्याला, आणि चावी कुणी फिरवली? मी दोन्ही नावं मनातून खोडली. उरलेल्या नावांकडे बघायचं धाडस त्या घडीला मला झालं नाही.

तेवढ्यात मागून हाक आली, "आंटी, जरा सुनो तो! तुमच्या शेडनं मला फसवलं!"

४

हिनाचं भंगाराचं दुकान वसई स्टेशनच्या रस्त्याला. कुठं काही जळो, पडो, बुडो, बंबाच्या मागोमाग हिनाचा टेम्पो. बाई तोंडाची फाटकी, म्हणून आमचं जमतं.

"क्या आंटी, एवढी मोठी कंपनी, एवढी मोठी मशीन. मी सोसायटीशी बोलून भंगार उचलायला पोरं लावली. म्हटलं लोखंड निघेल, तांब्याची तार निघेल. क्या मिला? छपराचे पत्रे! बस!"

"नीट शोधलंस?"

"मी? मी नीट नाही शोधणार? राखेतून टाचणी काढते मी. नट नाही, बोल्ट नाही, मोटर नाही, काच नाही. खोक्यात काय भरलं होतं, पापड?"

मी एका जागी उभी राहिले. लाकूड जळतं, पुठ्ठा जळतो, जाळी जळते. लोखंड जळून कुठं जातं?

खोके रिकामे होते, यंत्रांचे पैसे कुणीतरी खाल्ले होते. मंगळवारी परदेशी पाहुण्यांनी कात्री लावली असती आणि आतून हवा निघाली असती. म्हणून खोक्यांनी मंगळवारच्या आधी जळायला हवं होतं. आणि जळताना ज्युलिएटला घेऊन जळायला हवं होतं, म्हणजे खाडीची तक्रारही त्याच राखेत. एका काडीत दोन कामं. देवेंद्रला मी मनातल्या मनात शाबासकी दिली आणि त्याच्या गळ्याचं माप घेतलं.

पण देवेंद्र स्वतः आला नव्हता. त्याची ती पांढरी गाडी आमच्या गल्लीत शिरली की पोरंसोरं मागे धावतात. कुणीतरी आमच्यातला होता.

"आणि हे बघ," हिना म्हणाली. "जाळ्यांच्या कोपऱ्यात, पडलेल्या पत्र्याखाली. वाटलं पितळ आहे. कचरा निघाला."

बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. त्यात काळा, घट्ट गोळा चिकटलेला. मी नखानं खरवडला. मेण.

आता कळलं, सगळे देवळात असताना आग कशी लागली. झाकणात जाड मेणबत्ती उभी केली, बुंध्याला जाळं गुंडाळलं, पेटवली, दार लावलं आणि तो माणूस मिस्सेला निघून गेला. मेणबत्ती सावकाश उतरत गेली. तो देवळात, मेणबत्ती शेडमध्ये. आग लागली तेव्हा देवळात कोण नव्हतं, हा फौजदाराचा प्रश्नच उलटा होता. विचारायला हवं होतं, देवळात कोण होतं.

मी आणखी खरवडलं. काळ्याखालून निळा रंग वर आला.

"आंटी? क्या हुआ? चेहरा क्यों उतर गया?"

"काही नाय. ऊन लागलं."

मी ते झाकण पदराखाली घातलं. फौजदार शेडपाशीच उभा होता. त्याच्यासमोरून गेले, त्यानं "काय आजी" म्हटलं, मी "काही नाय" म्हटलं. पुरावा लपवणाऱ्या बाईचे पाय कसे पडतात ते त्या दिवशी मला कळलं.

कारण निळी मेणबत्ती अख्ख्या पाचूबंदरात एकाच घरात होती.

५

बांद्र्याच्या जत्रेतून मी ती आणली होती. ऑस्टिन बोटीवरून सुखरूप येईल त्या दिवशी लावायची म्हणून. घरच्या अल्तारावर, देवाच्या फळीवर, फुलदाणीच्या मागे ठेवलेली. मी फुलदाणी सरकवली. मागे धुळीत एक गोल तेवढा उरला होता.

घरात माणसं तीन. मी, ज्युलिएट, ब्रायन. माझ्यावर माझा संशय नव्हता.

मी खाली बसले. मनात म्हटलं, आग्नेस, आता डोळे मिटायचे तर आत्ताच मीट. ज्युलिएट? त्या सुजलेल्या हातानं तिला भाताचा घास उचलत नाही. आमची मूर्ती साधीसुधी नाही, सिमेंटची आहे, बसवताना मी आणि बेलानं दोन बाजूंनी धरली होती. बाईनं एका हातानं ती उचलून होडीपर्यंत नेणं शक्य नाही. आणि नेली असती तर मध्ये टेकवत नेली असती, बुंध्याला चिखल लागला असता. मूर्ती स्वच्छ होती. छातीशी धरून, एका दमात नेलेली. चांगल्या ताकदीच्या माणसानं.

आणि तो रविवारी खांबाला टेकून उभा होता. कम्युनियनला आला नाही. पाव खाऊन नव्हता आला. माझ्या मुलाला मी एक गोष्ट नीट शिकवली आहे, पाप अंगावर असताना प्रभूचा प्रसाद जिभेवर घ्यायचा नाही. तेवढं त्यानं पाळलं. माऊलीला आगीतून वाचवलं, प्रसाद विटाळला नाही, आणि भावाच्या बायकोला चौकीत बसू दिलं.

ब्रायन संध्याकाळी आला. मी जेवायला वाढलं. भरलेला पापलेट, त्याच्या आवडीचा.

"तुझ्या त्या पोरीच्या घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

त्याचं लग्न ठरत होतं. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधली पोरगी. तिच्या आईनं मला तोंडावर सांगितलं होतं, माझी मुलगी बोंबलाच्या वासात नांदणार नाही.

"म्हनतात नोकरी पक्की झाली की बघू."

"कुठली नोकरी?"

"बघतोय... कंपनीत." तो ताटात बघत होता.

"ब्रायन, आज फौजदार भेटला. म्हणत होता, खरा माणूस आपणहून आला तर त्याला बरं पडतं. शिक्षा कमी होते."

घास हातात थांबला. मग तोंडात गेला.

"ज्युलिएटचा हात फार सुजलाय," मी म्हटलं. "मी भरवलं तिला. कुत्र्याला भरवतात तसं, बाकावर."

"आय, जेवताना कशाला..."

"तुला मला काही सांगायचंय?"

त्यानं मान हलवली. नाही. पापलेटचा काटा साफ केला, हात धुतला आणि झोपायला गेला.

मी त्याला संधी दिली होती. एकदा. दुसऱ्यांदा द्यायची माझी पद्धत नाही. मी भांडी घासली आणि उद्या काय बोलायचं त्याची उजळणी केली.

६

मांडव मोठा घातला होता. मागे जळके खांब, पुढे पांढऱ्या खुर्च्या. परदेशी पाहुणे तीन, गळ्यात हार, घामानं लाल झालेले. फौजदार पहिल्या रांगेत. त्याच्या बाजूला शिपायासोबत ज्युलिएट. ब्रायन सोसायटीचा चेअरमन म्हणून मंचावर, देवेंद्रच्या शेजारी. बाजूला टेबलावर माऊलीची मूर्ती, झेंडूच्या माळेत. पाहुण्यांना मराठी कळत नाही, म्हणून इशिता इंग्रजीत सांगायला उभी.

देवेंद्र बोलला, की दुःखातून माणुसकी उगवते वगैरे. मग मला माइक दिला.

"मी आग्नेस," मी म्हटलं. "माफीबद्दल बोलायला उभी आहे. इशिता, नीट सांग त्यांना. एक शब्द गाळलास तर बघ."

तिनं सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"पांडू, उभा राहा. रविवारी तुला निर्मळला कोणी पाठवलं?"

"इशिताताईनी."

"इशिता, तुला कोणी सांगितलं?"

इशितानं माइक घट्ट धरला. देवेंद्र दातात बोलला, "इशिता, प्रोग्रॅमवर ये." पोरगी पांढरी पडली. पण मग तिनं फोन काढला, देवेंद्रचा मेसेज मोठ्यानं वाचला, आधी मराठीत, मग पाहुण्यांसाठी इंग्रजीत. त्या दिवसापासून तिनं मासळीच्या वासाला श्वास रोखला तरी मी माफ केलंय.

"मंगळवारची फुलं रविवारी," मी म्हटलं. "का? रखवालदार हलवायचा होता म्हणून. हिना, राखेत लोखंड किती मिळालं?"

"छपराचा पत्रा आंटी! मशीनचं काहीच नाही!"

"साहेब, तुमची यंत्रं कुठल्या लोखंडाची होती? जळून धूर होणाऱ्या?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. एक परदेशी बाई पुढे वाकून इशिताला काही विचारू लागली. देवेंद्र उठला. "हे हास्यास्पद आहे! आग हिच्या सुनेनं लावली! पोलिसांनी पकडलंय!"

"बस. मी संपवते." मी पदरातून झाकण काढलं. "ही मेणबत्ती. मिस्सेच्या आधी पेटवली आणि पेटवणारा मिस्सेला बसला. आणि फौजदार साहेब, ही मेणबत्ती माझ्या घरातली आहे."

फौजदार ताडकन उठला. "म्हणजे सूनच!"

"मूर्ती उचला," मी म्हटलं.

"काय?"

"मूर्ती. एका हातानं. उचलून त्या होडीपर्यंत न्या."

लोक हसले. त्यानं आधी नाक मुरडलं, मग मान राखायला गेला आणि एका हातानं धरली. मूर्ती कलली, बेलानं धावून सावरली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ज्युलिएट, हात दाखव."

तिनं उजवा हात वर केला. सूज उतरली नव्हती, बोटं जागची हलत नव्हती. "शनिवारपासून तो असा आहे. मासळी बाजारात सगळ्यांनी पाहिलाय. या बाईनं माऊलीला छातीशी धरून नेलं? साहेब, तुमच्या दोन्ही हातांना जड गेलं असतं."

फौजदार परत खुर्चीत जाऊन बसला.

"माझ्या घरात माणसं तीन," मी म्हटलं. माझा आवाज चांगला लागला होता. "ब्रायन, ये. माऊलीला उचल आणि देवळात घेऊन चल. दर सणाला पुढचा खांदा तुझाच असतो. ये, बाळा."

ब्रायन उठला. मूर्तीपर्यंत आला. हात पुढे केले आणि तसेच थांबले. सगळं पाचूबंदर बघत होतं. त्यानं हात मागे घेतले, पँटला पुसले, परत पुढे केले. मग तो तिथंच खाली बसला.

"मना हात लावता येत नाय, आय."

"का?"

"रविवारी लावला तो शेवटचा."

बेला रडायला लागली. माझे डोळे कोरडे होते.

मग तो सगळं बोलला. यंत्रं मिळाली म्हणून सोसायटीतर्फे सही त्यानं खोके न उघडता केली होती, साहेबांवर विश्वास ठेवून. नंतर साहेबांनीच सांगितलं, की खोके रिकामे आहेत, उघडले तर सही करणारा आधी आत जाईल. म्हणून आग. कंपनीत नोकरी, एव्हरशाईनला फ्लॅट. "साहेब म्हनाले, शॉर्टसर्किट म्हनतील, कुनाचं नाव येनार नाय. वैनीला पकडलं तेव्हा मी त्यांना फोन केला. ते म्हनाले, हे तर आनखीच छान झालं."

इशिता हे शेवटचं वाक्य इंग्रजीत सांगत होती तेव्हा तिचा आवाज फाटला. परदेशी बाईनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"हा खोटं बोलतोय! कोळी दारू पिऊन..." देवेंद्र मंचाच्या मागच्या बाजूनं उतरायला लागला. तिथं आमच्या बाया उभ्या होत्या, मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन, खांद्याला खांदा लावून. त्यांना मीच सकाळी तिथं उभं केलं होतं.

"साहेब, चपला इकडं राहिल्या तुमच्या," बेला म्हणाली, आणि एक चप्पल त्याच्या परीटघडीच्या सदऱ्यावर बसली. पुढं किती बसल्या ते फौजदारानं पाहिलं नाही. तो ज्युलिएटला मोकळं करण्यात गुंतला होता.

७

ब्रायन आणि देवेंद्र, दोघेही आत आहेत. शेजारशेजारच्या बराकीत, असं ऐकते. कंपनीनं देवेंद्रला ओळखत नसल्यासारखं केलं, पण परदेशी पाहुण्यांनी रंग घेणं थांबवल्यावर खाडीचं पाणी तपासायला माणसं आली. ज्युलिएट त्यांच्यासोबत चिखलात उतरते आणि बाटल्या कुठं भरायच्या ते दाखवते. ऑस्टिनचा फोन आला, मी सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आय, तुला झोप लागते?" मी म्हटलं, लागते. खोटं बोलले.

गेल्या आठवड्यात देवेंद्रचा वकील आला. गोरा, मऊ बोलणारा. ओटीवर बसला.

"आजी, एक मार्ग आहे. ब्रायननं जबाब बदलायचा. मेणबत्ती लावून प्रार्थना केली, विझवायची राहिली, अपघात झाला. साहेबांचं नाव नको. अपघात म्हटला की दोघेही सुटतील. ब्रायन दिवाळीआधी तुमच्या घरी. त्या मुलीकडचे पण परत तयार होतील, मी बोललोय."

दारात ज्युलिएट उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं, मी हो म्हटलं असतं तर तिनं मला अडवलं नसतं.

"ब्रायनला विचारलंत?"

"तो म्हणतो, आय सांगेल ते."

मी उठले, सुपातले बोंबील झटकले, परत बसले. गुडघे हल्ली दुखतात.

"त्याला सांगा, जबाब तोच ठेव. कोर्टात जोरात बोल, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

वकील पुढे सरकला. "आजी, पोटचा मुलगा आहे तुमचा."

"म्हणून तर पोलिसांच्या हाती देता आला. दुसऱ्या बाईचा मुलगा मी कशी देणार?"

वकील उठला. चपला घालायला लागला. मी त्याला पायरीपर्यंत पोचवायला गेले, आलेल्या माणसाला पोचवावं लागतं.

"आणि तुमच्या साहेबाला निरोप द्या," मी म्हटलं. "शेजारी माझा ब्रायन आहे. जपून राहा म्हणावं. तो आता खरं बोलायला लागलाय."